कूलर बंद करून गायचं गाणं

चंद्रपुरात मे महिन्यात माणूस माणसाला दोनच गोष्टी विचारतो: जेवण झालं का, आणि कूलरमध्ये पाणी टाकलं का. दुर्गापूरच्या अश्वजित रामटेकेच्या घरात त्या वर्षी तिसरीही एक गोष्ट होती, पण ती कुणी कुणाला विचारत नव्हतं, कारण उत्तर ऐकायचा धीर कुणातच उरला नव्हता. आज तरी बाबांचं गाणं पूर्ण होईल का, एवढंच ते.

बाबा म्हणजे अश्वजितचे वडील, सोमाजी. उमेदीची सगळी वर्षं कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काढलेला माणूस, आणि वर आला की हात धुऊन हार्मोनियम पुढ्यात ओढणारा. 'सोमाजी आणि पार्टी' हे नाव एकेकाळी मूल गावापासून पार आलापल्लीपर्यंत माहीत होतं. भीमजयंतीचे दिवस आले की घरात त्यांचं ताट झाकलेलंच राही आणि माणूस कुठल्या तरी गावच्या मंडपात गात असे. पुढे खाण सुटली, पार्टीतली माणसं पांगली, काही तर देवाघरी, नव्हे, मातीत गेली. सोमाजींना देवाघरी म्हटलेलं चालत नसे. पेटी तेवढी राहिली. आणि राहिली बिडी. बिडी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा या दोन सवतींनी मिळून गळ्याचं जे करायचं ते केलं. आधी आवाज बसला, मग गिळताना दुखू लागलं, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिल्यावर सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही.

"मंग काढा ना," सोमाजी म्हणाले होते. "आवाज त वापरून झाला माह्या. जीव थोडासा बाकी हाय."

डॉक्टर हसले. अश्वजितला काही हसू आलं नाही. परतीच्या बसमध्ये वरोऱ्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत बसला, आणि वरोरा आल्यावर एकदम म्हणाला, "बाबा, ऑपरेशनच्या आधी तुमचं गाणं रेकॉर्ड करून टाकू. एकदम भारी. माह्या मशीनवर."

ही मशीन म्हणजे दुर्गापूर आणि ऊर्जानगर या पट्ट्यातली एक नामांकित वस्तू होती. निदान मालकाचा तसा समज होता. अश्वजितचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान. ऊर्जानगरच्या पॉवर हाऊस क्वार्टरांतली पोरं गेम खेळायच्या मशीन त्याच्याकडून बांधून घेत, आणि तो त्या अशा बांधून देई की कंपनीनं नेमून दिलेल्या वेगापेक्षा चार पावलं पुढं पळत. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. कॉम्प्युटरची मेमरी, ज्याला रॅम म्हणतात, ती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. डबे सगळे फळीवर, पण चिरणं, मळणं, लाटणं होतं ओट्यावर. त्या ओट्यावर हात किती भराभर चालावा याचा एक आकडा कंपनी लिहून देते. अश्वजितला तो आकडा पाहवत नसे. "हा सरकारी स्पीड झाला," तो म्हणायचा. "असली स्पीड आपण काढाचा असते."

गिऱ्हाइकाच्या मशीनला तो बेतानंच पळवी. स्वतःच्या मशीनला मात्र त्यानं दयामाया ठेवली नव्हती. रॅमला जास्तीचं व्होल्टेज दिलेलं, वेग वाढवलेला, आणि एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत तिला जी उसंत मिळते तीही कापत कापत आणलेली. एवढं करूनही मशीन कधी अडखळली नव्हती, त्यामुळे गडी भलताच ताठ होता. आयुष्यात त्याला मिरवावं असं फारसं काही मिळालं नव्हतं हेही खरं. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पॉवर हाऊसमधली ठेकेदाराकडची नोकरी सुटली, डोक्यावरचे केस लवकर सुटले. मशीन तेवढी पळत होती.

तर गाणं. सोमाजींनी स्वतः बांधलेलं, त्यांच्या पार्टीची ओळख झालेलं:

खाणीत उतरलो, दिवा डोक्यावरी,
भीमानं उजेड दिला घरोघरी.

त्याचे तीन अंतरे. एक खाणीचा, एक शाळेचा, एक चंद्रपूरच्या दीक्षेच्या मैदानाचा. हे तिन्ही अंतरे अश्वजितला झोपेतही म्हणता आले असते. पण नागपूरहून आल्यावर सोमाजी दोनतीन दिवस पेटीवर बोटं ठेवून नुसतेच बसले, गुणगुणले, आणि एका सकाळी म्हणाले, "अजून एक कडवं बांधलं म्या. चौथा अंतरा."

"कशावर?"

"तुह्या मायवर."

अश्वजितची आई, कमला, जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा मंडपामंडपातून गात फिरत असताना झाकलेल्या ताटाशी बसून राहणारी बाई ती. तिच्यावर सोमाजींनी जन्मात एक ओळ बांधली नव्हती, आणि ही गोष्ट त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं तरी सगळ्यांना ठाऊक होती. अश्वजित पेटीजवळ सरकला. "म्हणा ना बाबा," तो म्हणाला, "कसं हाय?"

"असं सुकं सुकं नाई म्हणत गा. गाण्यात त्याची पाळी येईल, तवा आयकजो."

सोमाजींची ही जुनीच रीत. गाणं म्हणजे मुखड्यापासून सुरू होऊन शेवटाला जाणारी वाट. मधून उचलायचं नाही, शब्द कोरडे बोलून दाखवायचे नाहीत, आणि मध्येच खंडलं तर पुन्हा पहिल्यापासून. पार्टीतले लोक या हट्टाला कावत, पण मंडपात गाणं चढायचं ते यामुळेच. आणि लिहून ठेवायचा प्रश्न नव्हता. सहीपुरतं सोडलं तर सोमाजींनी कधी पेन धरलं नाही. त्यांची सगळी गाणी डोक्यात.

आतल्या खोलीत तयारी झाली. अश्वजितनं माईक फार उत्तम आणला, इतका उत्तम की कूलरची घरघर त्यात मालगाडीसारखी ऐकू येई. म्हणून गाण्याच्या वेळी कूलर बंद. खिडक्या बंद. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या पंख्याची चुळबूळही नको, म्हणून त्याचं झाकण घट्ट लावलं, कॅबिनेट टेबलाखाली कोपऱ्यात ढकललं, पुढ्यात गादी उभी केली आणि वरून आईच्या हातची गोधडी सोडली. बाहेर चंद्रपूरचा मे. खोलीत बापलेकांच्या अंगाला धारा. वाचणाऱ्याला इथंच जे दिसलं असेल ते अश्वजितला दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असाच असतो. कळसा ज्याच्या काखेत असतो त्यालाच तो दिसत नाही.

पहिल्या दिवशी मुखडा झाला, खाण झाली, शाळेच्या अंतऱ्यात सोमाजी रंगात आले आणि मशीनचा पडदा निळा झाला. मशीन बंद पडून आपोआप पुन्हा चालू झाली. रेकॉर्डिंग गेलं.

"थांबा बाबा, गेलं."

"काय गेलं?"

"काई नाई. होते असं कधी कधी. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं, तर या वेळी मशीन चालू राहिली पण रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅमच मिटला. तिसऱ्यांदा गायला सोमाजींमध्ये जोर नव्हता. घसा दुखत होता. सून दिव्या अंगणवाडीतून आली तेव्हा म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला आणि नवरा टेबलाखाली डोकं घालून अर्धा आत गेलेला. तिनं आधी कूलर चालू केला.

इथून पुढच्या दिवसांचं वर्णन करायचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अश्वजितनं रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासून पुसले, जागा अदलाबदल करून बसवल्या. एक काढून दुसरी ठेवली, दुसरी काढून पहिली. पॉवर हाऊसची राख आणि कोळशाची काळी भुकटी आपल्याकडं बंद पेटीतही शिरते, म्हणून ब्लोअरनं सगळं कॅबिनेट फुंकून काढलं. लाईट वरखाली होते असा संशय घेऊन दुकानातला स्टॅबिलायझर घरी आणला. विंडोज नव्यानं टाकलं. माईकची केबल बदलली. एवढ्या तेवढ्यावरून तो कंपन्यांना शिव्या घालू लागला. माईकवाल्याला, विंडोजवाल्याला, विजेच्या खात्याला. जिला तो स्वतः पळवत होता त्या रॅमचा संशय त्याला आला नाही असं नव्हे, तो पहिल्याच दिवशी आला होता. पण मेमरी तपासायचा एक प्रोग्रॅम असतो. तो मेमरीच्या खणाखणात काही लिहितो, पुन्हा वाचतो, आणि जुळलं नाही तर लाल अक्षरात चूक दाखवतो. अश्वजित तो लावी, तासन् तास चालू देई, आणि शेवटी एकही लाल ओळ नसे.

"पाह्य," तो दिव्याला दाखवायचा. "एक एरर नाई. मेमरी पास हाय."

"मंग गाण्याच्या टाइमलेच काऊन मरते थे?"

"तेच त पाहून राह्यलो ना."

आता ही तपासणी तो कशी करी? कॅबिनेट गादीमागून बाहेर ओढून, झाकण काढून, खोलीच्या मध्ये ठेवून. आणि तपासणीला बसण्याआधी पहिलं काम म्हणजे कूलर सुरू करणं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. चंद्रपुरात मे महिन्यात घरात पाऊल टाकलं की हात आपोआप कूलरच्या बटणाकडे जातो. चप्पल काढतो तसं. ओल्या गवताच्या जाळीतून येणारा गार वारा त्याच्या पाठीला लागे आणि उघड्या मशीनलाही लागे. दोघंही खूष. तपासणी पास.

"वेग जरा कमी करून पाहा ना," दिव्या एकदा म्हणाली. ती काही त्यातली जाणकार नव्हती. दमलेल्या माणसाला जे सुचतं ते तिनं सांगितलं. "मामाजीच्या गाण्याले काय एवढं पळाचं हाय?"

यावर अश्वजितनं तिच्याकडे असं काही पाहिलं की जणू तिनं घर विकायला सांगितलं. वेग कमी करणं म्हणजे त्याच्या लेखी रोग न शोधता पेशंटला झोपवून ठेवणं. कारण सापडलंच पाहिजे. मला विचाराल तर कारण सापडण्याची निकड म्हाताऱ्याला नव्हती, गाण्यालाही नव्हती. ती एकट्या अश्वजितला होती. आणि दिवस चालले होते म्हाताऱ्याचे.

सोमाजी रोज सकाळी उठून गरम पाण्याच्या गुळण्या करीत, शर्ट घालून पेटीपुढे बसत. जास्त बोलू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ते दिवसभर मुके राहत आणि साठवलेला आवाज गाण्याला देत. कधी पहिल्या अंतऱ्यात मशीन जाई, कधी दुसऱ्यात. तिसऱ्यापर्यंत क्वचित. जितका वेळ खोली बंद राही तितकी ती हमखास जाई, म्हणजे चौथ्या अंतऱ्याची पाळी कधी येतच नसे. "थांबा बाबा!" हे शब्द अश्वजितच्या तोंडात इतके बसले की गोधडीमागून मशीन बंद पडल्याचा टक् असा आवाज आला की हात आपोआप वर जाई. सोमाजी लगेच थांबत. रागावत नसत. पेटीचा भाता हळू मिटवत, गमछ्यानं मान पुसत आणि विचारत, "आता कूलर लावू का गा?" त्या विचारण्यात एवढा थकवा असे की दिव्या स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटायची.

शेवटी तिनं तिच्या पद्धतीनं मार्ग काढला. एका सकाळी गाणं सुरू होण्याआधी ती पाण्याचा तांब्या ठेवायला खोलीत आली आणि जाताना फळीवर, डब्यांच्या आडोशाला आपला मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून ठेवून गेली. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोबाईलचा आवाज डब्यातला कसा असतो यावर व्याख्यान झालं असतं.

त्या दिवशी सोमाजींना सूर लागला होता. बसका, फाटका, पण आतून येणारा. खाण झाली, शाळा झाली, दीक्षेचं मैदान आलं आणि त्यांनी मान वर करून असा आवाज काढला की दारात उभ्या दिव्याच्या अंगावर काटा आला. तिसरा अंतरा संपला. पेटी चौथ्याच्या आधीची ओळ वाजवू लागली. सोमाजींनी श्वास घेतला.

गोधडीमागे टक् झालं.

"थांबा बाबा!"

सोमाजी थांबले. घेतलेला श्वास त्यांनी तसाच सोडून दिला.

दिव्या आत आली, फळीवरून मोबाईल उचलला, आणि नवऱ्यापुढे धरला. पडद्यावर आकडे अजून पळत होते. "हा चालू होता," ती म्हणाली. "हा नाई मेला. तुमी काऊन थांबवलं त्यायले?"

अश्वजित मोबाईलकडे पाहत राहिला. तो गप्प बसला असता तर एव्हाना आईचा अंतरा त्या लहानशा डब्यात आला असता. कसाही आला असता, पण आला असता. तो वडिलांपुढे गुडघ्यावर बसला. "बाबा, इथूनच म्हणा ना. फक्त चौथा. मोबाईल चालू हाय."

सोमाजींनी मान हलवली. "मधातून नाई उचलत बापू. गाणं का कापड हाय, हात घातला आन् फाडून घेतलं?" मग त्याचा चेहरा पाहून म्हणाले, "उद्या म्हणू. आज दम नाई राह्यला."

दुसऱ्या दिवशी सोमाजींचा घसा पूर्ण मिटला. सुजला होता. पेजही उतरत नव्हती, गाणं तर दूरच. नागपूरला भरती व्हायची तारीख परवावर आली होती. सोमाजी खाटेवर कूलरपुढे पडून राहिले. अश्वजित दुकान बंद ठेवून मशीन उघडून बसला, कारण दुसरं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. त्यानं पुन्हा तीच तपासणी लावली. ओळी वर सरकत होत्या, एकही लाल नाही. तो त्याकडे पाहत होता, पण पाहत नव्हता.

भर दुपारी कूलरचं पाणी संपलं. दिव्या बादली घेऊन आली आणि तिनं आधी कूलर बंद केला. चालू कूलरच्या पाण्यात हात घातला की झटका बसतो. आपल्याकडे हे लहान लेकराला बोलायच्या आधी शिकवतात. नळाला धार बारीक. बादली भरायला वेळ लागत होता. खोली बघता बघता तापली. सोमाजींनी कूस बदलली.

पडद्यावर एक लाल ओळ आली.

अश्वजित सरळ झाला. दुसरी आली. मग एकदम चार. दिव्या बादली ओतून पुन्हा भरायला गेली आणि लाल ओळींची रांग लागली. अश्वजितनं हात पुढे करून रॅमच्या पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तव्यासारखी. तेवढ्यात दिव्यानं टाकी भरून बटण दाबलं, कूलर घरघरला, वारा आला, आणि थोड्या वेळानं नव्या लाल ओळी यायच्या थांबल्या.

तो उठला नाही. फरशीवर तसाच बसून राहिला. जास्त व्होल्टेजनं आधीच तापलेली मेमरी त्यानं झाकण लावून, गादी लावून, गोधडी घालून, मे महिन्यात, कूलर बंद करून गाण्याला बसवली होती. आणि तपासायला घेताना तिला वारा घातला होता. इतके दिवस. बापाचा तेवढा आवाज उधळून. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? माईकवाल्यावर, विंडोजवाल्यावर ओरडून झालं होतं.

"सापडलं का?" खाटेवरून सोमाजींनी विचारलं. आवाज नव्हताच, नुसता वारा होता.

"सापडलं बाबा. गरम होत होतं तिले."

"मलेही होते गा," सोमाजी म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मेमरीचा वेग कंपनीनं लिहून दिलेल्या आकड्यावर परत नेण्याचं काम चहा उकळेपर्यंत झालं. व्होल्टेज उतरवलं, उसंत परत दिली. दिव्यानं सुचवलं होतं तेच, आणि तिनं आता ते बोलूनही दाखवलं नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी सोमाजींनी स्वतःहून पेटी मागितली. बॅग दारात भरून ठेवलेली. उन्हं अजून वर आली नव्हती. त्यांनी गुळण्या केल्या, शर्टाची वरची गुंडी लावली. कूलर बंद झाला. दिव्यानं या वेळी मोबाईल उघड उघड फळीवर ठेवला. अश्वजितनं मशीन सुरू केली आणि तोंडावर स्वतःचाच हात दाबून धरून बसला.

गाणं सुरू झालं. ते गाणं होतं असं बाहेरचा माणूस म्हणाला नसता. शब्द घासत येत होते, वरच्या सुराला आवाज पोहोचत नव्हता तिथं पेटी पोहोचत होती. पण खाण आली. शाळा आली. दीक्षेचं मैदान आलं, आणि मशीन चालत होती, पडद्यावरची लाट एकसारखी पुढे सरकत होती. तिसरा अंतरा संपला. पेटीनं चौथ्याच्या आधीची ओळ वाजवली.

मग आवाज आला नाही. सोमाजींनी पेटीचा एकच खालचा सूर धरून ठेवला, भाता हळूहळू हलत राहिला, मान खाली गेली. अश्वजितला वाटलं, दम घेत आहेत. घेऊ दे. किती का वेळ लागेना. त्या एका सुराखाली खोलीत काही हललं नाही. बराच वेळ तसा गेला. मग सोमाजींनी भाता मिटला, मान वर केली आणि म्हणाले, "झालं."

दिव्यानं पदर डोळ्यांना लावला. अश्वजितनं काही विचारलं नाही. घसा गेला, अंतरा राहिला, आणि तो आपल्यामुळं राहिला, हे विचारून काय ऐकायचं होतं? त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं, फाईल ठेवली, बॅग खांद्यावर घेतली आणि बापाचा हात धरून बसस्टँडकडे निघाला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलल्याप्रमाणे वागले. जीव ठेवला, आवाज काढून घेतला. सोमाजी घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं कापड घेऊन. पोळ्याच्या सुमारास ते अंगणात फिरू लागले. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवत, बाकी हातवारे आणि ओठ. घरच्यांना ते ओठ हळूहळू समजू लागले. चहा, भात, लाईट, हो, नाही. अश्वजित दुकानात जाऊ लागला, पोरांच्या मशीन बांधू लागला, पण वेग वाढवून मागितला की आता तो टाळाटाळ करी. स्वतःच्या मशीनला त्यानं पुन्हा हात लावला नाही. त्या फाईललाही नाही.

एका दुपारी सोमाजींनी टाळी वाजवली, मशीनकडे बोट दाखवलं आणि पेटी वाजवल्यासारखी बोटं हलवली. लाव.

"राहू द्या ना बाबा," अश्वजित म्हणाला.

त्यांनी पुन्हा बोटं हलवली.

त्यानं लावलं. खोलीत सोमाजींचा आवाज आला, घासलेला, फाटका, आणि खुर्चीत बसलेल्या सोमाजींनी तो मान डोलावत ऐकला. एका जागी सूर घसरला तिथं त्यांनी तोंड वाकडं केलं. मैदानाच्या अंतऱ्याला मांडीवर ताल धरला. अश्वजितची नजर पडद्यावर होती. तिसरा अंतरा संपत आला तसा त्याचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला, कारण पुढं काही नव्हतं, पेटीचा एक सूर आणि मोकळा वेळ.

सोमाजींनी त्याचा हात धरला.

तो सूर सुरू झाला. पडद्यावरची लाट पातळ, सपाट पट्टी होऊन पुढं निघाली. अश्वजितनं बापाकडे पाहिलं. सोमाजींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. बोलल्यासारखे नव्हे. एका शब्दावर रेंगाळत, पुढच्यावर उतरत, ओळ संपली की थांबून, मग तीच ओळ दुसऱ्यांदा घेत. मांडीवरचा ताल सुटला नव्हता. ओठ मिटले, मुखड्यावर परत आले, आणि अखेरच्या शब्दावर थांबले तेव्हा भाता मिटल्याचा आवाज झाला आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज म्हणाला, "झालं."

बरोब्बर तिथंच.

अश्वजित बापाच्या खुर्चीकडे सरकला. "बाबा," तो म्हणाला, "त्या दिवशी तुमी मायचा अंतरा गात होते?"

सोमाजींनी डोळे उघडले आणि मान हलवली. होय. मग त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं, लेकाकडे बोट केलं आणि भुवया वर नेल्या. तुला ऐकू नाही आलं?

"नाई बाबा," अश्वजित म्हणाला.